घरचाच पत्ता, धंद्याचाही पत्ता : इंदूरमध्ये घरून व्यवसाय करताना जमीन-वापराचे नियम कसे सांभाळायचे

इंदूरमध्ये घरून काही सुरू करायचं म्हटलं आणि कुणाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "करा हो, कोण बघतंय!" चकली-शेव असो, शिवण असो, पार्लर असो की दहावीचे क्लास. पहिले काही महिने खरंच कुणी बघत नाही. मग एक दिवस शेजारचे काका गेटसमोर लागलेल्या चार स्कूटरींचा फोटो काढून नगर निगमाच्या ३११ तक्रार ॲपवर टाकतात किंवा मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ला फोन लावतात, आणि मग सगळेच बघू लागतात. म्हणून आधी तपासायचं काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने, ते इथे दिलं आहे. भर इंदूरवर आहे. ग्वाल्हेरचा कायदाही हाच, फक्त विकास योजना वेगळी. वडोदऱ्याला गुजरातचे नियम लागतात, त्यांचा इथे विचार केलेला नाही.

मूळ मुद्दा एका व्याख्येत आहे. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ मध्ये 'विकास' या शब्दात बांधकामाबरोबर इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला ठळक बदलही धरला आहे. म्हणजे एकही वीट न लावता, पुढच्या खोलीचं दुकान केलं तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही 'विकास' केलेला असू शकतो, आणि त्याला परवानगी लागते. प्रश्न उरतो तो 'ठळक' या शब्दाचा. तुमचं काम घराच्या पोटात मावतं की घरालाच दुकान करून टाकतं, हे सगळ्यात आधी ठरवायचं.

पहिली पायरी : काम 'घरगुती' आहे का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये घरगुती व्यवसायाची व्याख्या दिली आहे. देशभरातल्या बांधकाम नियमांमध्ये थोड्याफार फरकाने तोच विचार दिसतो, म्हणून ती कसोटी म्हणून वापरायला चांगली. तिचा सारांश असा: काम त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने करायचं, पगारी मजूर ठेवायचे नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला हे घर सोडून दुसरं काही आहे असं वाटेल अशी कोणतीही खूण नको. जे तिथे बनतं तेच विकायचं, बाहेरून माल आणून मांडायचा नाही. यंत्रं घरात एरवी असतात तेवढीच. स्फोटक, ज्वालाग्राही किंवा शेजाऱ्यांना धोका होईल असं काही नको. आणि सर्वसामान्य गिऱ्हाइकाला बसवून खाऊपिऊ घालण्याची जागा तर या व्याख्येतून सरळ वगळली आहे.

आता हे आपल्याकडच्या कामांना लावून बघा.

घरी एक शिलाई मशीन, ब्लाउजचं काम, दिवसाला पाच-सहा बायका मापं द्यायला येतात, पाटी नाही: यात अडचण नाही. त्याच खोलीत चार मशीन आणि तीन पगारी कारागीर आले की तो कारखाना झाला, मग नाव 'बुटीक' ठेवा की काही ठेवा. ऑर्डरप्रमाणे पुरणपोळ्या करून पाठवणं घरगुती आहे. त्याच पोळ्या पोर्चमध्ये दोन टेबलं टाकून गरम वाढणं घरगुती नाही. स्वतः केलेली गोधडी ऑनलाइन विकणं चालेल. सुरतेहून साड्यांचे गठ्ठे मागवून पुढच्या खोलीत रॅकवर लावले की ते दुकानही आहे आणि गोदामही.

यंत्राचा मुद्दा जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण इंदूरच्या वसाहतींमध्ये बरीच भांडणं त्यावरूनच होतात. घरघंटीची मोटर साधारण १ एचपीची, म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट. ती घराच्या नेहमीच्या सॉकेटवर चालते, आवाज मिक्सरहून फार जास्त नसतो. हिच्यावर भाजणी, थालीपिठाचं पीठ दळून विकलं तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मसाल्याचं कांडप यंत्र हा वेगळा प्राणी आहे. मोटर मोठी, थ्री-फेज जोडणी मागणारी, पाया भरून बसवावी लागणारी. त्याचा हादरा सामाईक भिंतीतून शेजारच्या देवघरापर्यंत जातो आणि लाल मिरचीची भुकटी वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. निवासी भागात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. कांडप यंत्र खोलीबाहेर ही मर्यादा पाळेल अशी आशा धरू नका. ते काम औद्योगिक जागेतच न्यावं, घरी फक्त भरणी आणि पॅकिंग ठेवावं.

मदतनीस बायकांबद्दल: दिवाळीच्या फराळासाठी तीन आठवडे दोघीतिघी हाताखाली घेणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि त्यावरून नोटीस येणं अवघडच. पण त्या बायका बाराही महिने रोज सकाळी नऊ ते सहा येऊ लागल्या की 'कुटुंबातला माणूस' हा आधार गेला. नियमाचं शेपूट इथेच अडकतं. धंदा वाढतो हळूहळू, आणि कोणत्या दिवशी तो घरगुती राहिला नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

वकील, सीए, आर्किटेक्ट यांची घरातली खोली हा वेगळा प्रकार आहे. व्यावसायिक सल्ल्याच्या जागेला निवासी भागात सहसा सवलत असते, पण ती तिथे राहणाऱ्याने स्वतःच्या कामासाठी वापरली तरच. खोली दुसऱ्या वकिलाला भाड्याने दिली की सवलत संपली. डॉक्टरांना याशिवाय मध्य प्रदेश उपचर्यागृह तथा रुजोपचार संबंधी स्थापना अधिनियम, १९७३ खाली नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था लागते. ते वेगळं प्रकरण आहे, त्याची भेळ इथे करत नाही.

ट्यूशनवाल्यांसाठी एक आकडा उपयोगाचा आहे. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असले तरच 'कोचिंग सेंटर' म्हणायचं. म्हणजे दोन बॅचमध्ये वीस मुलं शिकवणाऱ्या ताई त्यात येत नाहीत. पण जमीन-वापराचा नियम पन्नासाच्या आकड्याकडे बघत नाही. तो बघतो संध्याकाळी पाच वाजता गल्लीत वीस सायकली आणि आई-बाबांच्या आठ गाड्या एकाच वेळी लागतात का, याकडे. दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटांची फट ठेवली तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरी पायरी : तुमचा प्लॉट कोणाच्या नियमाखाली येतो

लोक चुकतात ते इथे. 'निवासी झोन आहे का' एवढंच विचारून थांबतात. खरं तर एकाच घरावर तीन-चार थर असतात आणि त्यांतला सगळ्यात कडक थर लागू होतो.

वरचा थर म्हणजे इंदूर विकास योजना २०२१. तिच्या नकाशात पिवळा रंग निवासी, निळा वाणिज्यिक, जांभळा औद्योगिक. कोपऱ्यातल्या सूचीशी रंग ताडून घ्यायचा. नकाशा नगर तथा ग्राम निवेश खात्याच्या, म्हणजे आपण ज्याला टी अँड सीपी म्हणतो त्यांच्या, संकेतस्थळावर मिळतो. पण नकाशाचा रंग बघून निघून येऊ नका. योजनेच्या पुस्तिकेत प्रत्येक वापराखाली 'स्वीकृत' आणि 'सक्षम अधिकाऱ्याकडून स्वीकृत होऊ शकणारे' अशा उपयोगांची कोष्टकं असतात. तुमच्या कामाचं नाव तिथे कोणत्या रकान्यात आहे ते शोधा. दुसऱ्या रकान्यात असेल तर अर्ज करावा लागतो. कुठेच नसेल तर कुणी तोंडी 'चालेल' म्हटलं तरी ते चालणार नाही. रस्त्याच्या रुंदीची अटही याच कोष्टकांमध्ये लपलेली असते, म्हणून घरासमोरचा रस्ता टेपने मोजून आकडा लिहून ठेवा. मोजायचा तो मंजूर रुंदीचा रस्ता, ओटल्यांनी खाऊन उरलेला नव्हे.

दुसरा थर कॉलनीचा मंजूर अभिन्यास, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा. पिवळ्या भागातल्या कॉलनीतही दुकानांचे प्लॉट वेगळे दाखवलेले असतात. तुमचा प्लॉट त्यात निवासी असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे बोट दाखवून उपयोग नाही. त्याचा प्लॉट पहिल्यापासून दुकानाचा असू शकतो. त्यासाठी रजिस्ट्रीतला प्लॉट क्रमांक आणि खसरा क्रमांक (महसुली नोंदीतला जमिनीचा क्रमांक) लागतो. रजिस्ट्रीच्या अनुसूचीत 'आवासीय' किंवा 'व्यावसायिक' हा शब्द असतो, तो वाचा. बरेच लोक पंधरा वर्षं त्या घरात राहतात आणि हा शब्द एकदाही वाचत नाहीत.

तिसरा थर लीजचा. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांमधले, म्हणजे स्कीम नंबर ५४, ७८, ११४ अशा ठिकाणचे, आणि गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींमधले बरेच प्लॉट लीजवर दिलेले आहेत. लीज डीडमध्ये वापराची अट असते आणि ती मोडली तर पट्टा रद्द करण्याचं कलमही असतं. इथे धोका दंडापेक्षा मोठा आहे. फ्री-होल्ड (लीजऐवजी पूर्ण मालकीचं) करून घेतलं म्हणून निवासी प्लॉट वाणिज्यिक होत नाही. फक्त लीजची कटकट जाते, विकास योजना जागेवरच राहते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वसाहतीत उपविधी बघा. फ्लॅट असेल तर मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० खालची घोषणा आणि रहिवासी संघाचे नियम बघा. फ्लॅटमध्ये लिफ्ट, जिना, पाण्याची मोटर सगळं सामाईक, त्यामुळे घरगुती कामालाही संघाचं लेखी 'हरकत नाही' घेतलेलं बरं. अध्यक्ष बदलले की तोंडी परवानगी बदलते.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या भागात खाली दुकान, वर घर ही पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी आहे, आणि तिथला प्रश्न बहुधा वापराचा नसून पार्किंगचा आणि जुन्या इमारतीच्या मजबुतीचा असतो.

कोणत्याही थराबद्दल शंका उरली तर टी अँड सीपीकडे खसरा क्रमांक देऊन भू-उपयोगाची लेखी माहिती मागा. अभिन्यासाची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. अर्जात 'माझ्या घरात धंदा चालेल का' असं लिहू नका, कारण माहिती अधिकारी मत देत नाही, कागद देतो. 'अमुक खसऱ्यावरील अमुक कॉलनीच्या मंजूर अभिन्यासाची प्रमाणित प्रत' असं मागा.

तिसरी पायरी : नकाशा, पोर्च आणि एमओएस

नगर निगमाने पास केलेला इमारतीचा नक्शा कपाटातून काढा आणि घरातून फिरा. इंदूरमध्ये 'एमओएस' हा शब्द प्रत्येक गवंड्याच्या तोंडी असतो: प्लॉटच्या हद्दीपासून सक्तीने मोकळी सोडायची जागा. घरगुती धंदा वाढला की पहिला हात तिथेच पडतो. मागच्या एमओएसमध्ये पत्रे टाकून भट्टी, बाजूच्या पट्टीत तेलाचे डबे, पुढच्या पोर्चमध्ये काउंटर. यामुळे दोन गुन्हे एकदम होतात, वापराचा आणि बांधकामाचा. दुसरा डोळ्यांना दिसतो, म्हणून कारवाईही त्याच्यावरच आधी होते. निगमाची माणसं वापरावर वाद घालत बसत नाहीत, पत्रे काढून नेतात.

पार्किंगसाठी दाखवलेल्या जागेत शटर लावणं तर अजिबात करू नका. मुळात शटर ही गोष्टच घात करते. लाकडी दार असलेली पुढची खोली 'खोली' असते. त्याच जागी लोखंडी शटर आलं की ते 'दुकान' होतं, आत तुम्ही पंचांग वाचत बसला असलात तरी.

पाटीचंही तसंच. घराच्या नावाच्या पाटीएवढी छोटी पट्टी चालून जाते. गॅलरीतून लटकणारा फ्लेक्स किंवा दिव्यांचा बोर्ड लावला की तुम्ही स्वतःच बाहेरून खूण दिलीत. त्यात एक पेच आहे तो जीएसटीच्या वेळी सांगतो.

चौथी पायरी : वीज मीटर

टी अँड सीपीचा माणूस तुमच्या घरी येण्याची शक्यता कमी. वीज कंपनीचा माणूस दर महिन्याला येतो. म्हणून प्रत्यक्षात सापडण्याची जागा विकास योजना नव्हे, मीटर आहे.

इंदूरला पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी वीज देते. दरपत्रकात घरगुती जोडणी एलव्ही-१ मध्ये, बिगर-घरगुती एलव्ही-२ मध्ये. एका मीटरवर दोन्ही प्रकारचा वापर असेल तर ज्याचा दर जास्त त्या दराने सगळं बिल, असा दरपत्रकाचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे एका खोलीत पार्लर असलं तरी वरच्या मजल्यावरच्या पंख्यालाही महाग दर. यावर उपाय एकच: धंद्याच्या खोलीचं वायरिंग वेगळं करून वेगळी एलव्ही-२ जोडणी घ्यायची. अर्ज करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीचे सर्किट खरोखर वेगळे करून घ्या. फ्रीजचा प्लग भिंतीपलीकडून घरगुती मीटरवर राहिला तर तपासणीत पहिला तोच दिसतो.

न केल्यास काय होतं? विद्युत अधिनियम, २००३ चं कलम १२६. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याव्यतिरिक्त वापर म्हणजे अनधिकृत वापर, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट. वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरतात. गणित करून बघा. महिन्याला ३०० युनिट, वर्षाचे ३६००. समजायला सोपं म्हणून बिगर-घरगुती दर ८ रुपये धरू: २८,८०० रुपये. त्याची दुप्पट ५७,६००. स्थिर आकार याहून वेगळा. वर्षभर तुम्ही घरगुती दराने भरलेली रक्कम यातून वजा केली आहे की नाही, ते आदेशातल्या तक्त्यात स्वतः तपासा. वजा नसेल तर हरकतीत पहिला मुद्दा तोच.

आधी तात्पुरता आकारणी आदेश हातात पडतो. त्यावर हरकत घेता येते, सुनावणी होते आणि तात्पुरता आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश निघायचा असतो. अंतिम आदेशावर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील, पण आकारलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरून. एक सापळा लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील नाही. पंचनाम्यावर 'मला मान्य आहे' असं लिहून घेण्याचा प्रयत्न झाला तर 'प्रत मिळाली' एवढंच लिहून तारखेसह सही करा. पंचनाम्यात कोणती उपकरणं, किती वॅटची लिहिली आहेत ते तिथल्या तिथे वाचा. घरातला मिक्सर 'व्यावसायिक ग्राइंडर' झालेला असतो.

पाचवी पायरी : संपत्ती कर आणि डायव्हर्जन

संपत्ती कराचा फॉर्म तुम्ही स्वतःच भरता, म्हणजे कोणता भाग निवासी आणि कोणता व्यावसायिक हे तुमच्याच सहीने जाहीर होतं. स्वतः राहत असलेल्या निवासी भागाला करात निम्मी सूट असते. धंद्याच्या खोलीला ती नाही, आणि दरही जास्त. १००० चौरस फुटांच्या घरात १२० फुटांची खोली धंद्याला असेल तर तेवढीच व्यावसायिक दाखवा. पूर्ण घर दाखवायची गरज नाही आणि शून्य दाखवण्यात शहाणपण नाही. स्वनिर्धारणात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक सापडला तर फरकाच्या पाचपट शास्ती आहे.

व्यावसायिक दराने कर भरला म्हणजे वापर कायदेशीर झाला, हा गैरसमज मात्र फार पक्का आहे. कर वापरावर लागतो, वैधतेवर नाही. पावती पुरावा होऊ शकते, पण तुमच्याविरुद्धही.

जमिनीचा महसूल वेगळा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम ५९ नुसार आकारणी जमिनीच्या वापरावर ठरते. फक्त घरगुती स्वरूपाच्या कामासाठी कुणी डायव्हर्जन, म्हणजे महसुली नोंदीतला वापरबदल, काढत नाही. पण प्लॉटचा मोठा भाग खरोखर व्यावसायिक होणार असेल तर तहसिलीतली नोंदही बदलून घ्यावी लागते.

सहावी पायरी : नोंदण्या, आणि त्यांचा क्रम

क्रमाला महत्त्व आहे, कारण एका कागदावरचा पत्ता पुढच्याला लागतो. आधी रजिस्ट्री, वीज बिल आणि आधार यांवरचा पत्ता अक्षर न् अक्षर एकसारखा करा. एकीकडे 'सुदामा नगर सेक्टर ए' आणि दुसरीकडे नुसतं 'अन्नपूर्णा रोड' असेल तर अर्ज परत येतो. वडिलांच्या नावावर वीज बिल असेल तर नामांतरण होईपर्यंत त्यांचं संमतिपत्र जोडा.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी. आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिचे पैसे मागणारं प्रत्येक संकेतस्थळ दलालाचं समजा. त्यानंतर गुमास्ता, म्हणजे मध्य प्रदेश दुकान एवं स्थापना अधिनियम, १९५८ खालची नोंदणी, श्रम विभागाच्या पोर्टलवर. बँकेत चालू खातं उघडायला हाच कागद मागतात. निगमाचं ट्रेड लायसन्स लागत असेल तर झोनल कार्यालयात जाण्याआधी खोलीचं क्षेत्रफळ मोजून न्या. तिथला आकडा, संपत्ती कराच्या फॉर्ममधला आकडा आणि वीज जोडणीच्या अर्जातला आकडा एकच हवा.

यांपैकी एकही कागद जमीन-वापराची परवानगी नाही. उद्यम, गुमास्ता, एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची नोंदणी), जीएसटी हे सगळे 'तुम्ही कोण' ते सांगतात, 'इथे चालतं का' ते सांगत नाहीत. नोटिशीला उत्तर म्हणून गुमास्त्याची लॅमिनेट केलेली प्रत घेऊन जाणाऱ्यांची निराशा ठरलेली.

जीएसटी: मध्य प्रदेशात फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत नोंदणी सहसा लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवणार असाल तर मर्यादा न बघता नोंदणी लागू शकते, काही हस्तकलांना सवलत आहे. आता तो पेच: नोंदणी घेतली की सीजीएसटी नियम १८ प्रमाणे प्रवेशाजवळच्या नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा, आणि इकडे घरगुती व्यवसायाची कसोटी म्हणते बाहेरून खूण नको. यातून वाट काढायची तर दाराशेजारच्या नेहमीच्या नामफलकावरच बारीक अक्षरांत धंद्याचं नाव आणि क्रमांक घाला. प्रमाणपत्राची प्रत आत भिंतीवर. वेगळा बोर्ड, रंग, दिवा काही नको.

खाद्यपदार्थ करणाऱ्यांचं जादा काम

एफएसएसएआयची नोंदणी फॉस्कॉस पोर्टलवर होते आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. घरून चार डबे देणाऱ्यालाही ती लागते. पाकीटबंद माल असेल तर लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, शाकाहारी खूण, तयार केल्याची आणि वापरायची शेवटची तारीख, किंमत, तुमचा पत्ता आणि हा क्रमांक हवा. पत्ता छापला की तो सगळ्या शहराला कळतो, म्हणून आधीच्या पायऱ्या आधी.

गॅसबद्दल कुणीच ऐकायला तयार नसतं. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर डब्यांच्या धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे. धंद्याला १९ किलोचं. विनापरवाना एलपीजी साठवण्याची मर्यादा १०० किलो, म्हणजे १९ किलोची जास्तीत जास्त पाच सिलिंडरं, आणि तीही भरलेली-रिकामी सगळी एका कोपऱ्यात रचून नव्हे. घरात घरगुती सिलिंडर असेल तर तेही या बेरजेत धरा. चाळीस डब्यांच्या स्वयंपाकाला एक चालू आणि एक राखीव पुरतं. सिलिंडर उभं, हवेशीर जागी, शेगडीच्या पातळीच्या खाली, आणि तळघरात किंवा गटाराच्या जाळीजवळ कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खोलगट जागी साचून राहतो.

कचऱ्यात इंदूरची शिस्त घरगुती धंद्यालाही तितकीच लागू. ओला-सुका वेगळा नसेल तर निगमाचा सफाई दरोगा कचरागाडी पुढे नेईल आणि वर दंडाची पावती फाडेल. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. गल्लीतली लाइन तुंबली की सगळ्यांचं पहिलं बोट तुमच्याकडेच वळतं. माल द्यायला १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या कॅरी बॅग चालत नाहीत, आणि प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, थर्मोकोलच्या ताटल्या १ जुलै २०२२ पासून बंद आहेत.

डबे नेणाऱ्या मुलांची वेळ सकाळी ११ आणि संध्याकाळी ६ अशी ठरवून द्या, आणि त्यांना गेटबाहेर नाही तर आत पोर्चमध्ये उभं करा. शेजाऱ्याला त्रास होतो तो स्वयंपाकाचा नव्हे, हॉर्नचा.

भाड्याचं घर असेल तर

भाडेकरारात 'निवासी वापरासाठी' एवढंच लिहिलेलं असेल आणि तुम्ही धंदा सुरू केलात, तर मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२ मध्ये ज्या कामासाठी जागा दिली त्याच्याशी विसंगत वर्तन हे घर खाली करवून घेण्याचं कारण आहे. करारात एक ओळ घालून घ्या: 'भाडेकरू निवासाबरोबर कुटुंबीयांच्या हातून होणारं अमुक काम, पगारी नोकर, शटर आणि बाहेरील फलकाशिवाय करू शकेल.' घरमालक कचरतो ते संपत्ती कर आणि वीज दराच्या भीतीने. त्या खोलीचा वाढीव कर आणि वेगळ्या मीटरचं बिल तुम्ही भराल हेही त्यातच लिहा, मग सही मिळते. गृहकर्जावरचं घर असेल तर बँकेच्या करारातही वापराचं कलम असतं. विम्याचं म्हणाल तर घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल धरत नाहीत, त्याला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' सारखी वेगळी पॉलिसी लागते.

नोटीस आली तर

आधी पाकिटावरची आणि कागदावरची तारीख, मग कलम बघा. वापराबद्दल आहे, बांधकामाबद्दल आहे की कचऱ्याबद्दल, त्यावर उत्तर बदलतं. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत ठेवा. फोनवर 'साहेबांशी बोलणं झालंय' याला फायलीत जागा नसते. उत्तरासोबत रजिस्ट्रीचं पान, नक्शा, वेगळ्या मीटरचं बिल, संपत्ती कराची पावती आणि घराचा बाहेरून काढलेला ताज्या तारखेचा फोटो लावा. त्या फोटोत पाटी नाही, शटर नाही, गाड्यांची रांग नाही, एवढं दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच झालं.

तक्रार रास्त असेल तर भांडू नका. पत्रे काढा, वेळा बदला, एक मदतनीस कमी करा आणि 'त्रुटी दूर केली' असं फोटोसह कळवा. आणि पगारी माणसं बाराही महिने लागू लागली, थ्री-फेजची गरज पडली किंवा माल ठेवायला झोपायची खोली रिकामी करावी लागली, की घर सोडून गाळा शोधायला लागा. गाळ्याचं भाडं आणि कलम १२६ची एक आकारणी शेजारी शेजारी लिहून बघितली की निर्णय लवकर होतो.